रमाबाई रानडे आणि स्त्रियांचा मताधिकार

देवराष्ट्रें हें सागरेश्वराच्या डोंगराजवळचें गांव एके काळीं सातारा जिल्ह्यांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. गांव आपल्या जागींच राहिलें, जिल्ह्याची सीमा तेवढी हलली. १९४९ सालीं साताऱ्याचा दक्षिणेकडील भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' असा नवा जिल्हा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान म्हणून हें गांव पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु यशवंतरावांच्या जन्माच्या अर्धशतक आधीं, १८६२ सालीं, याच गांवच्या कुर्लेकर घराण्यांत यमुना नांवाची एक मुलगी जन्मास आली. तीच पुढें रमाबाई रानडे या नांवानें महाराष्ट्रास परिचित झाली. रमाबाई म्हटल्या कीं न्यायमूर्तींच्या पत्नी, 'सेवासदना'च्या अध्यक्षा आणि 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकाच्या लेखिका, एवढें बहुतेक सुशिक्षित घरांत माहीत असतें. आयुष्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांत त्यांनीं मुंबई इलाख्यांतील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीस हात घातला, ही गोष्ट मात्र चरित्रांतून एका ओळींत आटोपली जाते. ती ओळ थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे.

लग्न होईपर्यंत यमुनेला अक्षरओळख नव्हती. जहागीरदाराच्या घरची मुलगी असली तरी तिनें लिहावें-वाचावें असें त्या घरांत कोणाच्या मनांत आलें नव्हतें. आणि त्या काळीं हें कांहीं नवलाचें नव्हे. १८७३ च्या डिसेंबरांत वयाच्या अकराव्या वर्षीं तिचें लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झालें. रानडे त्या वेळीं पुण्यास न्यायाधीश होते, वयानें बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते म्हणून सर्वत्र ओळखले जात होते. प्रथम पत्नी नुकतीच वारली होती. आतां हे एखाद्या विधवेशीं विवाह लावतील या धास्तीनें वडिलांनीं घाईनें मुलगी पाहिली, आणि वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून रानड्यांनीं तो विवाह मान्य केला. सुधारकाच्या आयुष्यांतील ही माघार त्यांच्या विरोधकांनीं कधीं विसरूं दिली नाहीं, आणि त्यांच्या मित्रांनींहि नाहीं. त्या माघारीचें ओझें नकळत ज्या मुलीवर पडलें, तिचा विचार मात्र त्या वादांत कोणी केल्याचें दिसत नाहीं. माहेरचें यमुना हें नांव लग्नमंडपांत राहिलें. सासरीं ती रमा झाली.

लग्नाच्या दिवशींच रात्रीं रानड्यांनीं पाटीवर अक्षरें काढून तिला शिकविण्यास आरंभ केला. हा प्रसंग महाराष्ट्रांत इतक्या वेळां सांगितला गेला आहे कीं त्यांतील अवघडपणा आतां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या घरांत सासू, नणंदा, आत्या, मावशा अशा वडीलधाऱ्या बायकांचा मोठा गोतावळा होता, त्या घरांत धाकट्या सुनेनें दररोज रात्रीं पाटी घेऊन बसावें, हें त्या बायकांना घराच्या रीतीचें उल्लंघन वाटलें, आणि त्यांच्या दृष्टीनें तें तसें होतेंहि. पुढें स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजांतील सगुणाबाई देव मराठी शिकवूं लागल्या. त्यानंतर मिस् हरफर्ड या इंग्रज बाईंकडून इंग्रजीचे धडे सुरू झाले. परधर्मीय बाईच्या शेजारीं बसून आल्यावर स्नान केल्यावांचून सोंवळ्यांत प्रवेश नाहीं, असा दंडक घरांत लागूं झाला. टोमणे, अबोला, कामाची वाढ, हें सर्व रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे. परंतु लिहितांना कोठेंहि कडवटपणा येऊं दिलेला नाहीं. उत्तर द्यावयाचें नाहीं आणि अभ्यास सोडावयाचा नाहीं, असा त्यांचा नेम होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधणें किती कठीण असतें, हें एकत्र कुटुंबांत नांदलेल्या कोणाहि स्त्रीस वेगळें सांगावयास नको.

चार भिंतींबाहेर बोलण्याचा प्रसंग प्रथम नाशकास आला. रानड्यांची बदली तेथें झाली असतां तेथील हायस्कुलांतील समारंभास रमाबाई प्रमुख पाहुण्या म्हणून गेल्या. भाषण पतीनें लिहून दिलें होतें, त्यांनीं तें वाचून दाखविलें. पुढें पुण्यांत मुलींच्या हायस्कुलाचा प्रश्न निघाला, तेव्हां गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनीं इंग्रजींत मागणी वाचली. तें हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, १८८४ सालीं निघालें. व्यासपीठावरून उतरून घरीं आल्यावर वडीलधाऱ्या बायकांकडून जें ऐकून घ्यावें लागलें, तें सभेंतील टाळ्यांपेक्षां अधिक वेळ टिकलें.

याच सुमारास, १८८२ सालीं, पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. संस्कृत जाणणारी, भरसभेंत पुरुषांसमोर निर्भयपणें बोलणारी स्त्री पुण्यानें त्यापूर्वीं पाहिली नव्हती. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांस जात असत. त्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना पंडिता रमाबाईंनीं स्त्रियांसाठीं स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर हवेत अशी मागणी केली. नंतर त्या विलायतेस व तेथून अमेरिकेस गेल्या, आणि १८८९ सालीं त्यांनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत पुस्तक लिहिलें. अमेरिकेंतील बायका संस्था कशा चालवितात आणि राजकीय हक्क कसे मागतात, हें मराठी वाचकाला अशा रीतीनें एका मराठी स्त्रीच्याच लेखणींतून समजलें. स्त्रियांच्या मताची कल्पना आपल्याकडे परक्यांनीं आणून टाकली असें म्हणणाऱ्यांनीं हें साल लक्षांत ठेवावें.

१६ जानेवारी १९०१ रोजीं न्यायमूर्ति वारले. रमाबाईंचें वय तेव्हां अडतीस-एकुणचाळीस होतें. मुंबईचें बिऱ्हाड मोडून त्या पुण्यास आल्या आणि सुमारें वर्षभर जवळजवळ एकांतांत राहिल्या. त्या काळच्या विधवेनें पुढील आयुष्य तसेंच काढावें, हीच सर्वांची अपेक्षा होती. पण १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानीं त्या दिसल्या. १९०८ सालीं मलबारी व दयाराम गिदुमल यांनीं मुंबईंत सेवासदन काढलें तेव्हां त्याच्या त्या अध्यक्षा झाल्या, आणि १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्यानें पुण्याचें सेवासदन रानड्यांच्याच वाड्यांत सुरू झालें. निराधार व विधवा स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका, सुईणी म्हणून तयार करणें हें त्याचें मुख्य काम होतें. उच्च वर्णाच्या विधवेनें इस्पितळांत परपुरुषांची शुश्रूषा करावी, ही कल्पना लोकांच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें. रमाबाईंच्या नांवाला जो आदर होता तोच येथें उपयोगी पडला. त्यांचें सोवळें वागणें, साधी राहणी व मृदु बोलणें पाहिलेल्या सनातनी घरांनींहि आपल्या मुली त्यांच्या हवालीं केल्या. १९१० सालीं त्यांच्या आठवणींचें पुस्तक निघालें. त्याला प्रस्तावना गोखल्यांची होती. येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांच्या भेटीस त्या नियमानें जात. फिजी आणि केनिया येथें गेलेल्या हिंदी मजुरांच्या हालांविषयींहि त्यांनीं आवाज उठविला.

इतका सार्वजनिक व्याप असतांना राजकारणापासून मात्र त्या दूर होत्या. त्यांची रीत अर्ज, विनंती आणि काम यांची होती. मताधिकाराचा प्रश्न त्यांच्यापर्यंत कसा आला हें समजण्यासाठीं देवराष्ट्रें आणि पुणें सोडून थोडें दूर जावें लागतें.

१९११ सालीं मुंबईच्या हेराबाई टाटा काश्मीरांत हवापालटासाठीं गेल्या होत्या. तेथें त्यांना एक स्त्री भेटली. तिच्या छातीवर 'स्त्रियांना मत द्या' अशा अर्थाचें इंग्रजी पदक होतें. ही स्त्री म्हणजे पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांची कन्या सोफिया. तिचा जन्म इंग्लंडांत झाला होता, आणि लंडनांत पार्लमेंटावर गेलेल्या स्त्रियांच्या मोर्चांत ती चालली होती. मत नसेल तर करहि देणार नाहीं, असें म्हणून तिनें सरकारशीं कज्जेहि केले होते. त्या पदकाची चौकशी करतां करतां हेराबाई या चळवळींत शिरल्या, आणि मुंबईंत पुढें या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनीं व त्यांची कन्या मिठन यांनीं केला.

दुसरी स्त्री आयर्लंडची. मार्गारेट कझिन्स यांचा जन्म १८७८ सालीं आयर्लंडांतील बॉइल या गांवीं झाला. १९०८ सालीं त्यांनीं सहकारिणींसह आयरिश स्त्रियांचा मताधिकारसंघ स्थापला. मताच्या मागणीसाठीं खिडक्या फोडून लंडनांत आणि पुढें आयर्लंडांतहि कारावास भोगला. १९१५ सालीं ॲनी बेझंट यांच्या निमंत्रणावरून पति जेम्स यांच्यासह त्या मद्रासेकडे आल्या त्या कायमच्याच. 'जन गण मन' या गीताची चाल १९१९ सालीं मदनपल्लीस याच बाईंनीं स्वरलिपींत उतरवून ठेविली. १९३२ सालीं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठीं त्यांना पुनः तुरुंगांत जावें लागलें, या वेळीं वेलोरच्या. १९५४ सालीं त्या हिंदुस्थानांतच वारल्या. परक्या देशांत येऊन राहिलेल्या माणसाला त्या देशाच्या घरगुती प्रश्नांत बोलण्याचा अधिकार किती, हा वाद त्यांच्या बाबतींतहि निघाला. पण त्यांनीं स्वतःस पुढारी न म्हणवितां चिटणिसाचें काम पत्करलें. पत्रें लिहिणें, सह्या जमविणें, वेळा ठरविणें हीं कामें त्या करीत, आणि बोलावयास हिंदी स्त्रिया पुढें करीत.

१९१७ सालीं भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानांत आले. स्त्रीशिक्षणाविषयीं त्यांच्याकडे शिष्टमंडळ न्यावें असा कझिन्सबाईंचा मूळ बेत होता. सरकारी उत्तर आलें कीं भेट फक्त राजकीय प्रश्नांवर मिळेल. तेव्हां अर्जाचा मजकूर बदलला. सुधारणांच्या योजनेंत 'लोक' हा शब्द जेथें जेथें येईल, तेथें स्त्रियांचाहि समावेश असावा, अशी मागणी त्यांत घातली गेली. १८ डिसेंबर १९१७ रोजीं सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालीं हें शिष्टमंडळ मद्रासेस माँटेग्यूंना भेटलें. त्यांत हेराबाई टाटा होत्या आणि डॉ. नागूताई जोशी याहि होत्या, ज्या पुढें ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे म्हणून प्रसिद्ध झाल्या. शाळा मागावयास निघालेल्या बायकांना सरकारच्या एका अटीमुळें मत मागावें लागलें, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. पण त्यांत केवळ योगायोगच होता असें नाहीं. शाळा आणि मत यांचा संबंध किती निकटचा आहे, हें दोन वर्षांनीं पुण्यांतच दिसून आलें.

१९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार त्यानें म्युनिसिपालिट्यांना दिला. पुण्याच्या म्युनिसिपालिटींत प्रश्न निघाला कीं सक्ति कोणासाठीं? पैसा अपुरा आहे, म्हणून प्रथम मुलग्यांपुरती सक्ति करावी, मुलींचें मागाहून पाहतां येईल, असा एक पक्ष होता. टिळकांचें वजन या पक्षाकडे होतें. मुलग्यांबरोबरच मुलींनाहि सक्ति हवी, असा दुसरा पक्ष होता. पहिल्या पक्षाची पैशाची अडचण खोटी नव्हती. परंतु तिजोरींत पैसा कमी असला कीं कपात नेहमीं मुलींच्याच वांट्यास कां येते, या प्रश्नाला त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें. १९२० च्या आरंभीं हा वाद विकोपास गेला. साठीच्या जवळ आलेल्या, सौम्य म्हणून नांवाजलेल्या रमाबाई बायका-मुलींचा मोर्चा घेऊन पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या. ज्यांनीं त्यांना सेवासदनांत पाहिलें होतें त्यांना हें दृश्य अपूर्व वाटलें असेल. सभागृहांत बसलेले सर्व सभासद पुरुष होते, आणि ज्यांच्याविषयीं निर्णय व्हावयाचा त्यांतील एकीलाहि तेथें आसन नव्हतें. मग रस्त्यावरून चालत जाण्यावांचून दुसरा उपाय तरी कोणता उरतो? मताधिकाराच्या बाजूची व्याख्यानें पुष्कळ झालीं आहेत. पण त्या मोर्चाइतका बोलका पुरावा क्वचितच सांपडेल.

इकडे सरकारदरबारीं काय चाललें होतें तेंहि थोडक्यांत पाहिलें पाहिजे. १९१८ सालीं मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या जादा अधिवेशनानें स्त्रियांच्या मताधिकारास पाठिंबा दिला. पण मताधिकाराची चौकशी करण्यासाठीं आलेल्या साउथबरो कमिटीनें, या देशांतील पडदा व रूढि पाहतां स्त्रियांना इतक्यांत मत देऊं नये, असा अभिप्राय दिला. त्याविरुद्ध साक्ष देण्यासाठीं १९१९ सालीं हेराबाई व मिठन या मायलेकी लंडनला गेल्या. पार्लमेंटानें शेवटीं नेहमीची मध्यम वाट धरली. स्वतः नकार दिला नाहीं आणि होकारहि दिला नाहीं. प्रत्येक प्रांताच्या कायदेकौन्सिलनें ठराव करून वाटल्यास स्त्रियांवरील बंदी उठवावी, असें १९१९ च्या सुधारणांत ठरलें. अर्थात् आतां लढा लंडनचा न राहतां मुंबईचा आणि पुण्याचा झाला. ज्या पुरुषांना पटवावयाचें ते इलाख्यांतील जमीनदार, वकील आणि व्यापारी होते. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरच्या बायका सेवासदनाशीं या ना त्या नात्यानें बांधलेल्या होत्या. येथें रमाबाईंची गरज होती. १९२१-२२ सालीं मुंबई इलाख्यांतील या चळवळीची संघटना करण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें.

आक्षेप ठराविक होते. बायका घर सोडून राजकारणांत पडतील. त्या अशिक्षित असल्यामुळें नवरा सांगेल त्याला मत देतील. मतदानाच्या जागीं पुरुषांच्या गर्दींत कुलीन स्त्रीनें कसें जावें. आणि मुळांत त्यांनीं मागितलेंच कोठें आहे? पहिले दोन आक्षेप परस्परांना मारक आहेत, हें आक्षेपकांच्या ध्यानांत येत नसे. शेवटच्या आक्षेपाचें उत्तर मात्र वादविवादानें देतां येण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं मागणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्ष उभ्या कराव्या लागतात, आणि त्या जर सोवळ्यांतल्या, देवाधर्माच्या, घरसंसारानें तावून निघालेल्या असल्या तर त्यांना 'विलायती वाऱ्याच्या' म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. कझिन्सबाईंना हें काम करतां आलें नसतें. सोफियेला तर मुळींच नाहीं.

१ एप्रिल १९२१ रोजीं मद्रासनें बंदी उठविली. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबई कायदेकौन्सिलनेंहि तसाच ठराव मंजूर केला. काळाचा थोडा हिशेब लावून पाहिला तर ही गोष्ट लहान नव्हे. अमेरिकेंत सर्व देशभर स्त्रियांना मत मिळालें तें १९२० सालीं. इंग्लंडांत १९१८ सालीं मिळालें तेंहि तीस वर्षांवरील स्त्रियांनाच, पुरुषांच्या बरोबरीनें मिळावयास १९२८ साल उजाडलें. आणि फ्रान्समधील स्त्रियांना १९४४ पर्यंत वाट पाहावी लागली.

पण हक्क मिळाला म्हणजे कोणाला मिळाला, हें पाहूं लागलें कीं चित्र बदलतें. कौन्सिलच्या ठरावानें स्त्री म्हणून असलेली बंदी गेली. मालमत्तेची अट तशीच राहिली. खेड्यापाड्यांत मतदार होण्यासाठीं सरकारसारा भरणाऱ्या जमिनीचा धनी असावें लागे, आणि साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत सारा कमींत कमी ३२ रुपयांचा असावा लागे. शहरांत घरभाडें किंवा प्राप्तीवरील कर यांवरून पात्रता ठरे. आतां हिंदु कुटुंबांतील सुवासिनीच्या नांवें जमीन असते कोठें? तिचें स्त्रीधन म्हणजे अंगावरील दागिने. दागिन्यांवर सारा बसत नाहीं. देवराष्ट्र्याच्या एखाद्या वाड्यांत शंभर बिघ्यांचा कारभार पाहणारी कर्ती बाई असली, तरी सातबाऱ्यावर नांव नवऱ्याचें, सासऱ्याचें किंवा दिराचें. ती मतदार नव्हे.

मग स्त्री-मतदार कोण झाल्या? मिताक्षरेप्रमाणें विभक्त झालेला पति पुत्र न ठेवतां वारला तर त्याची जिनगी विधवेकडे हयातीपुरती येत असे. आणि मुंबईकडच्या मयूखाच्या परंपरेनें मुलीलाहि वारशांत कांहीं अधिक हक्क मानले होते. म्हणजे ज्या स्त्रीला मंगल कार्यांत पुढें येण्याची मनाई, जिचें तोंड सकाळीं दिसलें तर अपशकुन, तीच सरकारी मतदारयादींत घरच्या सुवासिनीच्या आधीं जाऊन बसली. एकत्र कुटुंबांतील विधवेला तर एवढेंहि नाहीं. तिचा हक्क अन्नवस्त्रापुरता. कायदा करणारांच्या डोळ्यांसमोर स्त्री नव्हती, सातबारा होता. यामुळें स्त्री-मतदारांची संख्या पुरुषांच्या मानानें फारच थोडी राहिली.

साताऱ्या-सांगलीकडे आणखी एक गुंता होता. हा सर्व प्रदेश एकसंध ब्रिटिश मुलूख नव्हता. सातारा जिल्हा मुंबई सरकारचा, पण त्याला लागून सांगली, मिरज, औंध, फलटण हीं संस्थानें. तीं एकमेकांत इतकीं गुंतलेलीं कीं एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातांना दोन राज्यें ओलांडावीं लागत. मुंबई कौन्सिलचा ठराव संस्थानी प्रजेला लागूं नव्हता. देवराष्ट्र्याची मुलगी सांगली संस्थानांत दिली तर कागदावरचा तेवढाहि हक्क ती माहेरीं ठेवून जाई. पुढें १९३९ सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं आपण होऊन प्रजेला राज्यघटना दिली. ती तयार करण्यांत मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियराचा मोठा वांटा होता, आणि गांधीजींच्या सल्ल्यानें मताला साक्षरतेची अट घालण्यांत आली. औंधाचा आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यांतच आहे. साक्षरतेच्या अटीचा परिणाम स्त्रियांवर काय होतो, हें अकराव्या वर्षापर्यंत अक्षर न पाहिलेल्या देवराष्ट्र्याच्या यमुनेकडे पाहून कोणाच्याहि लक्षांत यावें.

रमाबाई १९२४ सालीं निवर्तल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं मुंबईच्या कॉर्पोरेशनांत अवंतिकाबाई गोखले व सरोजिनी नायडू निवडून आल्या होत्या. कौन्सिलांत स्त्रियांना उमेदवार म्हणून उभें राहण्याची मोकळीक १९२६ सालच्या नियमांनीं झाली. ती पाहावयास रमाबाई राहिल्या नाहींत. १९२७ च्या जानेवारींत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. बोलावण्याचें पत्रक कझिन्सबाईंनीं काढलेलें, अध्यक्षस्थानीं बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय पुनः तोच, मुलींचें शिक्षण. त्या अधिवेशनास जमलेल्या मराठी स्त्रियांपैकीं कितीतरी जणींनीं सेवासदनाच्या ओसरीवर पहिले धडे गिरविलेले असणार.

या परिषदेनें पुढें राजकीय प्रश्नहि हातीं घेतले. १९३१ सालीं तिनें इतर स्त्रीसंस्थांसह स्पष्ट सांगितलें कीं सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत असावें, आणि स्त्रियांसाठीं राखीव जागाहि नकोत. सरकारला तें मानवलें नाहीं. १९३५ च्या कायद्यानें मालमत्तेची अट ठेवून तिला दोन ठिगळें लावलीं. पुरेशी मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी या नात्यानें स्त्रीला मत मिळूं लागलें, आणि साक्षरतेच्या आधारेंहि मिळूं लागलें. मुंबईच्या असेंब्लींत सहा जागा स्त्रियांसाठीं राखण्यांत आल्या. पतीच्या पात्रतेवरून मिळणारें मत महिला परिषदेला अपमानकारक वाटलें, आणि तें साहजिकच होतें. पति वारला किंवा त्यानें जमीन विकली तर बाईचें नागरिकत्वच डळमळावें, ही कसली पात्रता? तरीहि १९३७ च्या निवडणुकींत या मार्गानें पूर्वीच्या कितीतरी पट स्त्रिया मतदानास गेल्या.

सारा, साक्षरता आणि नवरा या तिन्ही अटी संपल्या त्या प्रजासत्ताकाच्या घटनेनें. १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला मत होतें. पण यादी करणाऱ्या कारकुनांपुढें एक निराळीच अडचण उभी राहिली. उत्तरेकडील बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत असंख्य स्त्रियांनीं परक्या पुरुषाला स्वतःचें नांव सांगण्याचें नाकारलें. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद झाली. अशा नोंदींवर मतदान करूं देतां येणार नाहीं, असें निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं ठरविलें. दुरुस्तीसाठीं मुदत देऊनहि जीं नांवें आलीं नाहींत तीं यादींतून वगळण्यांत आलीं. त्यांची संख्या सुमारें २८ लाख होती. १९५७ च्या निवडणुकीपूर्वी घरोघर फिरून यांतील बहुतेक स्त्रियांचीं नांवें विचारून घेण्यांत आलीं आणि यादींत लिहिलीं गेलीं.